माझा लोकल बंद होतोय (गाडी नव्हे, पब)

ओसरी
मंगळवारी कुत्र्याला फिरवून परत येत होतो, तर कोपऱ्यावरच्या पबाच्या खिडकीत पुठ्ठा लावलेला. त्यावर जाड पेनाने लिहिलं होतं, "रविवार शेवटचा. पिंपं संपवायला या." कुणकुण दोन महिन्यांपासून होतीच, तरी पाटी बघून पोटात कालवलं.

इंग्लंडातल्या लेस्टरला येऊन मला चौदा वर्षं झाली. पबाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या उपयोगाचं नाही आणि आता कोणाच्याच उपयोगाचं राहणार नाही. एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांची रांग संपते तिथे हा पब. दारावर मद्यविक्रीच्या परवान्याची चिंचोळी जुनी पाटी. आत लालभडक नक्षीचा गालिचा, त्यावर सिगारेटने जळलेले काळे ठिपके. म्हणजे गालिचा २००७ च्या धूम्रपानबंदीच्याही आधीचा. बारच्या वर हुकांना टांगलेले नेहमीच्या गिऱ्हाइकांचे मग, त्यातल्या दोन मगांचे मालक केव्हाच वारले. ते मात्र कोणी काढले नाहीत.

मी पिणारा नव्हेच म्हणा ना. अर्धा पाइंट बिटर (इथली कडवट बिअर, छोटा ग्लासभर) मला दीड तास पुरते. पहिल्यांदा गेलो तो थंडीमुळे. जानेवारी महिना, बायको माहेरी पुण्याला, घरात बॉयलर बंद, प्लंबर कोणी फोन उचलेना. जरा ऊब मिळेल म्हणून आत शिरलो. बारमागच्या बाईंनी विचारलं, "काय झालं, मी डक?" (इकडे सगळ्यांनाच 'बदक' म्हणतात, मायेने. मला हे कळायला आठवडा लागला.) मी बॉयलरचं रडगाणं गायलो. बाईंनी बोटाने तिसरं स्टूल दाखवलं. तिथे एक जाडजूड गृहस्थ शेंगदाणे खात बसले होते. तेच प्लंबर. म्हणाले, हा ग्लास संपला की येतो. आणि आले!

तेव्हापासून दर रविवारी दुपारी तासभर जातो. तिथे 'मीट रॅफल' असते, म्हणजे एक पौंडाचं तिकीट आणि बक्षीस खाटकाकडचं मांसाचं ताट. आमच्या घरात मांस चालत नाही, तरी तिकीट घेतो, कारण न घेणं बरं दिसत नाही. चौदा वर्षांत एकदाही लागलं नाही, देवाची कृपा.

तर प्रश्न असा, की तुमचा असा लोकल होता का, किंवा आहे का? आणि तो आपला झाला हे तुम्हाला नेमकं कधी कळलं?

तांबडा_रस्सा
शीर्षक वाचून धडधडलं. म्हटलं मध्य रेल्वेने अजून कोणती बंद केली.

आडवा_पाऊस
डोंबिवलीकरांच्या वतीने वरच्या प्रतिसादाला +१.

माझी सुरुवात सांगतो. २००४, रेडिंग, ऑफिसातल्या लोकांच्या आधी पोचलो. टेबल पकडलं, ऐटीत बसलो आणि वेटरची वाट बघत राहिलो. पंचवीस मिनिटं! मधूनमधून बारकडे बघून हात वर करायचो, उडप्याकडे करतो तसा. बारवाला एकदा हसून हात हलवता झाला. त्याला वाटलं मी नमस्कार करतोय.

नंतर समजलं की इथे आपण उठून बारशी जायचं, मागायचं, तिथेच पैसे द्यायचे. आणि गंमत अशी की रांगेसाठी जीव देणारा हा देश पबात रांग लावत नाही. सगळे बारला आडवे टेकून उभे. पण कोणाच्या आधी कोण आलं ते प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं असतं. बारवाल्याने चुकून तुम्हाला आधी विचारलं तर "हे माझ्या आधी आहेत" म्हणायचं. हे जो म्हणत नाही तो कायमचा बाहेरचा. टिप ठेवत नाहीत. फार खूश असाल तर "आणि एक तुझ्यासाठी" म्हणायचं. बारवाला एका पेयाचे पैसे धरतो, आणि प्यायचं की गल्ल्यात टाकायचं ते त्याचं तो बघतो.

मला कधी कळलं? बारवाल्याने न विचारता ग्लास नळाखाली धरला तेव्हा.

खडीसाखर
लेख छान आहे, शैलीही. पण हे सगळं शेवटी दारूचं उदात्तीकरणच झालं. आपल्याकडे गुत्त्यावर बसणाऱ्याला दारुडा म्हणायचं आणि तिकडे लाल गालिचा टाकला की ती 'संस्कृती'? माणसं भेटायला दारूच कशाला हवी? पारावर भेटत नव्हती का?

सुगरण_नाही
खडीसाखर, पारावर बायका भेटत होत्या का, ते आधी सांगा. :)

मी थेंबभरही घेत नाही. तत्त्व वगैरे काही नाही, चवच आवडत नाही. पण अकरा वर्षं पबात जाते. लाइम अँड सोडा घेते. लिंबाचं गोड सरबत आणि वर सोडा, सगळ्यात स्वस्त. ते पिणाऱ्याला कोणी "एक तरी घे गं" म्हणत नाही. आपल्या लग्नाच्या पार्ट्यांमध्ये मला जास्त आग्रह झालाय.

बायकांचं म्हणाल तर इथेही सगळं आयतं मिळालेलं नाही. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर एल विनो नावाचा वकील-पत्रकारांचा वाइन बार होता. तिथे बायकांना बारशी उभं राहून मागायला बंदी, मागच्या खोलीत टेबलाशी बसायचं. दोघीजणी कोर्टात गेल्या आणि १९८२ साली जिंकल्या. १९८२! तोवर आपल्याकडे बाई पंतप्रधान होऊन, पडून, परत निवडून आली होती.

ओसरी
@खडीसाखर, तुमचा आक्षेप कळतो. पण माझा प्लंबर पारावर बसत नाही हो.

जुना_पासपोर्ट
बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही.

मी १९६९ साली मिरजेहून डॉक्टरकी शिकून इकडे आलो. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला 'ब्लॅक कंट्री' म्हणतात, तिथल्या हॉस्पिटलात. ओतशाळा आणि लोखंडाचे कारखाने, रात्री आकाश तांबूस दिसायचं. त्या काळी पबात दोन दालनं असत. 'पब्लिक बार' म्हणजे लाकडी जमीन, कामाच्या कपड्यांतले लोक, बिअर दोन पैसे स्वस्त. शेजारी 'सलून बार', गालिचा आणि टाय. मधे भिंत. गिऱ्हाईक कोणत्या दारातून येतो त्यावरून त्याची पत ठरायची. आपल्याला हे समजायला वेळ लागला नाही, वेशीच्या आतले आणि बाहेरचे ही भानगड आपल्याला गावापासून पाठ.

दुपारी अडीचला घंटा व्हायची आणि पब साडेपाचपर्यंत बंद. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार दुपारी झिंगू नयेत म्हणून हा नियम आला. युद्ध संपलं, नंतर दुसरंही झालं, नियम मात्र १९८८ पर्यंत चालू! रात्री साडेदहा-अकराला "टाइम, जेंटलमेन, प्लीज". उरलेलं पिऊन उठायला दहा मिनिटं.

आता कडू भाग. रंगबंदी होती. पाटी लावून नव्हे, तोंडी. जवळच्याच स्मेदिकमध्ये १९६४ ची निवडणूक वर्णद्वेषाच्या प्रचारावर जिंकली गेली होती. १९६५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते मॅल्कम एक्स तिथे येऊन गेले. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जौहल त्यांना पबात घेऊन गेले, कारण पब हीच लढाईची जागा होती. जौहल आणि त्यांचे सोबती आधी गोऱ्या मित्राला आत पाठवायचे, मग आपण जायचे आणि नकार मिळाला की त्याची नोंद करायचे. त्याच वर्षी कायदा झाला, सार्वजनिक जागी वर्णावरून नकार देणं बेकायदा ठरलं.

मी आलो तोवर कायद्याला चार वर्षं झाली होती, त्यामुळे नकार सभ्य झाला होता. एका शनिवारी मी आणि माझा मल्याळी सहकारी एका पबात शिरलो. मालक म्हणाला, आज खाजगी कार्यक्रम आहे. आत सहा माणसं डोमिनो खेळत होती. आम्ही बाहेर पडलो. पाऊस होता. दोघेही काही बोललो नाही. खरं तर एकमेकांकडे बघायचीच लाज वाटली. पुढच्या चौकात दुसरा पब होता, जावं की नाही करत दाराशी उभे राहिलो. आतून आवाज आला, "डॉक!" ओतशाळेतला एक माणूस, आठवड्यापूर्वी त्याचं बोट मी शिवलं होतं. त्याने पट्टी बांधलेला पंजा वर करून सगळ्या पबाला दाखवला आणि आम्हाला माइल्डचा एकेक पाइंट पाजला. माइल्ड म्हणजे काळसर, सौम्य बिअर, भट्टीशी घाम गाळणाऱ्यांची. चव मला आजही फारशी आवडत नाही. तीस वर्षं तीच प्यालो.

पहिल्या पबाच्या जागी आता टाइल्सचं दुकान आहे. बरं झालं असं म्हणवत नाही. वाईट वाटलं असंही नाही.

बंडगार्डन
काका, दंडवत.

मुळामुठा
काका, वेगळा धागा काढा, कृपया. बोटांनी टंकायला त्रास होत असेल तर मी टंकून देतो.

तांबडा_रस्सा
काका, मी सध्या तुमच्याच मुलखात, वुल्व्हरहॅम्प्टनला. त्या गोष्टीचा पुढचा भाग मी रोज खातो! कारखाने बुडाले, गोरे मालक पब सोडायला लागले आणि ते पंजाब्यांनी घेतले. आता त्यांना 'देसी पब' म्हणतात. बाहेरून अस्सल इंग्रजी, आत डार्ट्स, टीव्हीवर वेस्ट ब्रॉमविच अल्बियनची फुटबॉल मॅच, आणि बारमागून तव्यावर चरचरत येतं मिक्स्ड ग्रिल: कोंबडी, सीख कबाब, खाली कांदा, वर लिंबू. वेस्ट ब्रॉमविचच्या रेड लायनमध्ये तर रंगीत काचेच्या खिडकीत स्थलांतरितांची गोष्ट चितारलीय, चर्चमध्ये संतांची असते तशी. माझ्या शेजारी बसणारे गोरे आजोबा जन्मभर तिथेच राहिलेत. ते नान कसा फाडावा हे मला शिकवतात. मी कोल्हापूरचा, ऐकून घेतो.

खडीसाखर, तुम्ही या. पनीरही मिळतं.

मुळामुठा
आपलाही वाटा आहे की बिअरमध्ये! इंडिया पेल एल ही भारतात पाठवायला म्हणून शोधून काढली. सहा महिन्यांच्या प्रवासात बिअर नासायची, म्हणून एका इंग्रजाने जास्त हॉप्स (बिअर कडवट करणारी, टिकवणारी फुलं) घालून...

जाड_भिंग
थांबा, थांबा. ही गोष्ट बाटलीच्या लेबलावरची आहे. फिकट बिअर आधीपासून होती, आणि गरम देशांत पाठवायच्या बिअरीत हॉप्स जास्त घालायचे हेही भट्टीवाल्यांना आधीच माहीत होतं. कोणी एकाने एका रात्रीत शोध लावला नाही. तुमचा तो इंग्रज म्हणजे हॉजसन. त्याचं नशीब असं की त्याची भट्टी पूर्व लंडनला बो इथे, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्याजवळ. कप्तानांना तो उधारीवर माल द्यायचा, कप्तान मुंबई-कलकत्त्याला विकायचे. पुढे तो जरा जास्तच हावरा झाला, तेव्हा १८२० च्या दशकात बर्टन-ऑन-ट्रेंटच्या भट्ट्या यात उतरल्या. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम आहे, त्याने फिकट, कडवट बिअर जास्त चांगली होते. बर्टनच्याच बास कंपनीचा लाल त्रिकोण हे ब्रिटनमधलं पहिलं नोंदणीकृत व्यापारचिन्ह, १८७६ चं.

आणि "इंग्रज गरम बिअर पितात" हेही तितकंच खोटं. तळघरात अकरा ते तेरा अंश असतं. बिअर पिंपात जिवंत असते, आत यीस्ट चालू असतं. पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर आंबूस. म्हणजे आपल्या ताडीसारखंच, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. साठच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी गॅस भरलेली मेलेली बिअर सगळीकडे घातली, तेव्हा चिडून १९७१ साली लोकांनी 'कॅमरा' ही संघटना काढली. जगात आंदोलनं भाकरीसाठी होतात, यांनी बिअरच्या फेसासाठी केलं आणि बरंचसं जिंकलं!

मुळामुठा
लेबल फाडून टाकलं, माफी असावी.

बंडगार्डन
न्यूकॅसलला एम.एस्सी. करत असतानाची गोष्ट. मंगळवारी पब क्विझ. आम्ही चार जण: मी, एक ग्रीक, आणि दोन स्थानिक आजी, ज्यांनी आम्हाला अक्षरशः दत्तक घेतलं होतं. मला कामाला ठेवलं होतं क्रिकेट आणि 'ब्रिटिश साम्राज्य' या विषयांवर. पहिलंच क्विझ, शेवटचा प्रश्न: "बॅडमिंटनला पूर्वी भारतातल्या एका लष्करी छावणीच्या गावाच्या नावाने ओळखत. ते गाव कोणतं?"

दोन्ही आज्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी खूप विचार करून लिहिलं: मद्रास.

उत्तर: पूना.

मी पुण्याचा आहे हे मी त्यांना अर्ध्या तासापूर्वीच सांगितलं होतं. एका गुणाने हरलो. पुढचं वर्षभर माझं त्या पबातलं नाव 'मद्रास'. दारातून शिरलो की बारवरून आरोळी. तर ओसरी, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: त्या दिवशी कळलं.

आडवा_पाऊस
पुणेकराला येत नाही असा प्रश्न असू शकतो, हेच मुळात मान्य नाही.

सुगरण_नाही
किंवा येत नाही हे पुणेकर कबूल करतोय!! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

खाण्याचं कोणी बोलत नाही म्हणून. शाकाहाऱ्याचे जुन्या पबात हाल असतात हे खरं. सगळ्या खमंग गोष्टी डुकराच्या. बरणीतलं व्हिनेगरमधलं अंडं दिसतं प्रयोगशाळेतल्यासारखं. पण चीज अँड अनियन क्रिस्प्सचं पाकीट! ते खायची रीत बघा. पाकीट वरून उघडायचं नाही. मागच्या शिवणीवर दोन्ही अंगठे घालून उभं फाडायचं, पूर्ण पसरायचं. आतली चंदेरी बाजू वर, मधे वेफर्सचा ढीग, टेबलाच्या मधोमध. मग सगळ्यांचे हात. असं उघडलं की ते पाकीट कोणा एकाचं राहत नाही. माझ्यासमोर पहिल्यांदा असं फाडलं तेव्हा मला घरचा पेपरवरचा चिवडा आठवला, डोळे भरून आले. बिअर न पिता रडणारी मी पहिलीच असेन.

बार्देसकार
आमच्या गोव्यात हे सगळं ताव्हेर्नात होतं, मालवण्यांना विचारा. निळा-हिरवा दरवाजा, दोन बाकं, काउंटरवर मीठ लावलेली कैरी. ग्लास उर्राकचा किंवा फेणीचा, संध्याकाळी साडेसहाची ठरलेली माणसं. मासळी आज काय भावाने गेली, कोणाचा पोरगा बोटीवरून परत आला, सगळं तिथेच. आता त्याच ताव्हेर्नांच्या जागी दिल्लीवाल्यांचे 'कन्सेप्ट बार'. एका फेणीच्या किमतीत आमच्या बापाची महिन्याची उधारी फिटली असती.

अवांतराबद्दल क्षमस्व.

खडीसाखर
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, जुना_पासपोर्ट काकांचा दोनदा. चिडून लिहिलं होतं, कारण सांगते. माझे वडील गुत्त्यावर जायचे. नाशिकला, आमच्या घरापासून चौथ्या गल्लीत. मी आठ-नऊ वर्षांची. आई मला बोलवायला पाठवायची. मी आत जात नसे, बाहेर उभी राहून हाक मारायची. आत हसण्याचे आवाज यायचे. घरी ते कधी तसे हसले नाहीत. त्यामुळे "तिथे सगळे त्यांना ओळखायचे, किती छान" असं वाचलं की माझ्या अंगावर काटा येतो. ओळखायचे तर खरंच. आम्हालाही ओळखायचे, "अमक्याची पोरगी आली" म्हणून.

तुमचे पब चांगले असतील. मला नाही जमणार.

ओसरी
खडीसाखर, यावर मी काही बोलू नये हेच बरं. लिहिलंत, आभारी आहे.

एक मात्र खरं. आमच्या पबातही एक जण होता, त्याच्या बायकोचा फोन आला की बारमागच्या बाई "आत्ताच निघाला" म्हणायच्या, आणि तो समोर बसलेला असायचा. सगळे हसायचो. मीही हसलोय. तुमचा प्रतिसाद वाचून ते हसू जरा घशात अडकलं.

जुना_पासपोर्ट
खडीसाखर ताई, पन्नास वर्षं मी यकृतं तपासली. तुम्ही बरोबर आहात. मीही खोटं बोललो नाही.

तांबडा_रस्सा
ओसरी, बंद का होतोय पण? चालत नव्हता?

ओसरी
चालत होता. भाडं वाढलं, वीज वाढली. आणि मालक म्हणजे खरं तर भाडेकरू. इमारत एका कंपनीची, बिअर तिच्याकडूनच घ्यायची सक्ती, तीही बाजारापेक्षा महाग. आता फ्लॅट होणार म्हणतात.

जाड_भिंग
याला इकडे 'टाय' म्हणतात, म्हणजे वेठबिगारीचा सभ्य अवतार. पूर्वी पब भट्ट्यांच्या मालकीचे असत. १९८९ साली सरकारने मोठ्या भट्ट्यांवर मर्यादा घातल्या, स्पर्धा वाढावी म्हणून. भट्ट्यांनी पब विकले आणि ते घेतले नुसत्या जागेच्या धंद्यातल्या कंपन्यांनी. आगीतून फुफाट्यात. त्यात दुकानातली स्वस्त बिअर, धूम्रपानबंदी, कोविड. २००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांवर पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास.

पण वाचवलेलेही आहेत. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावाने आपला ओल्ड क्राउन २००३ साली सहकारी तत्त्वावर विकत घेतला, देशातला पहिला. २०११ च्या कायद्याने लोकांना अशी वास्तू 'समाजाची ठेव' म्हणून नोंदवता येते. मग मालकाने विकायला काढली तर पैसे जमवायला सहा महिने मिळतात. लंडनमध्ये नन्हेडच्या आयव्ही हाउसने हे करून दाखवलं. आणि सगळ्यात भारी लंडनचंच कार्लटन टॅव्हर्न. २०१५ मध्ये बिल्डरने परवानगीविना बुलडोझर घातला. कौन्सिलने सांगितलं, होता तस्सा बांध, वीट न् वीट. सहा वर्षांनी तो पुन्हा उघडला! स्टॅफर्डशरचं क्रूकेड हाउस इतकं सुदैवी नव्हतं. खाणीमुळे एका अंगाला खचलेला पब, आतल्या टेबलावर गोटी ठेवली तर चढावर जाते असं वाटायचं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आग लागली आणि दोन दिवसांत पाडूनही टाकला.

तुम्ही नोंदणी केली होती का?

ओसरी
नाही. बारशी बसून "करायला हवी" असं तीन वर्षं म्हणत होतो.

आडवा_पाऊस
अगदी सोसायटीच्या मीटिंगसारखं.

मुळामुठा
एक शंका. तो लोकल की ती लोकल?

बार्देसकार
ती लोकल तुम्हाला घरी पोचवते. तो लोकल घरी जाऊ देत नाही.

खडीसाखर
हे मात्र चांगलं होतं.

ओसरी
आज रविवार. आत्ताच आलोय, रात्रीचे साडेदहा. वृत्तांत लिहितो आणि झोपतो.

दुपारी दोनला गेलो तर पाय ठेवायला जागा नाही. पाच-पाच वर्षं तोंड न दाखवलेली माणसं गळ्यात पडून रडत होती. बारमागच्या बाई एकालाच मोठ्याने म्हणाल्या, "तू दर महिन्याला एकदा आला असतास तरी चाललं असतं, डक." तो खाली बघायला लागला. मीही, कारण मी दर आठवड्याला अर्धाच पाइंट घ्यायचो.

हुकावरचे मग काढून घरोघर दिले. वारलेल्या दोघांपैकी एकाची मुलगी न्यायला आली होती. दुसऱ्याचं कोणीच नाही. तो मग बाईंनी स्वतःच्या पिशवीत ठेवला. स्टुलं दहा-दहा पौंडांना विकली. तिसरं स्टूल प्लंबरने घेतलं आणि घेऊन जाईपर्यंत त्यावरच बसला. चार वाजता शेवटची मीट रॅफल. माझं तिकीट एकशे बारा.

लागलं.

चौदा वर्षांनी! सगळा पब ओरडायला लागला. माझ्या हातात हे भलं मोठं ताट: डुकराच्या चॉप्स, सॉसेजेस, ब्लॅक पुडिंग (रक्ताचं सॉसेज), वर प्लॅस्टिकचं हिरवं गवत. मी ते प्लंबरला दिलं. तो नको म्हणेना, पण चॉप्सचे दोन भाग करून अर्धे मला द्यायला लागला, कारण "निम्मं तुझं". घरी काय सांगू? शेवटी त्याने गवत दिलं. ते घेऊन आलोय. बायको विचारतेय हे काय आहे.

पिंप नऊला आटलं. घंटा नेहमीसारखीच वाजवली, एकदा.

सुगरण_नाही
गवत ठेवा. फ्रेम करा.

बंडगार्डन
'मद्रास'कडून सलाम.

जुना_पासपोर्ट
एकदाच वाजवली हे बरं केलं.

तांबडा_रस्सा
ओसरी, पण आता बॉयलर बिघडला तर?

ओसरी
नंबर आहे त्याचा. पण तो फोन उचलत नाही, मेसेजही बघत नाही. निघताना विचारलं, आता सापडणार कुठे? म्हणाला, अजून ठरलं नाही. दोन-तीन ठिकाणी बसून बघतो आणि कळवतो.